उभा म्हणजे झाड

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. मात्राबाईंच्या पाठीला तो नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लागला होता, आणि त्याचं नाव होतं छापील चूक.

त्या एका प्रकाशकाच्या कचेरीत प्रुफं तपासायच्या. खाली छपाईची यंत्रं, वर कचेरी, आणि जिना चढून आलं की पहिलं टेबल त्यांचं. सुटलेला काना, उडालेली मात्रा, पहिलीची दुसरी झालेली वेलांटी, त्यांच्या नजरेतून काही निसटायचं नाही. म्हणून सगळे त्यांना मात्राबाई म्हणत. एकदा, एकदाच, ‘राणीने मुकुट चढवला’ याच्याऐवजी ‘राणीने मुकुट चघळला’ असं छापून बाहेर पडलं. कचेरी आठवडाभर हसत होती. मात्राबाईंना तीन दिवस घास गिळवला नाही.

घरी एकट्याच. दोन खोल्या. निघताना गॅस तीनदा बघायचा, कुलूप लावल्यावर दोनदा ओढायचं, आणि कोपऱ्यावर पोचलं की पुन्हा एकदा परत येऊन ओढायचं. कोणी मागून मोठ्याने हाक मारली की त्यांचे खांदे कानापर्यंत जात. “बाईंचं काळीज सशाचं,” हिशेबनीस म्हणायचा, आणि बाईसुद्धा हसायच्या. खरं तेच तर होतं.

अशा या बाईंच्या टेबलाखाली बुटांची चार खोकी होती, आणि त्या खोक्यांत चार जमाती राहत होत्या.

त्याचं असं झालं. या प्रकाशकाकडे एक लेखक होते. मुलं त्यांना आजोबा म्हणायची, कचेरीत ते ‘महाशय’. वितभर उंचीच्या चार जमातींच्या गोष्टी ते लिहायचे. गटारात राहणारे गाळके, झाडांवरचे फांदाडे, माळ्यांवर अडगळीत राहणारे पोटमाळे, आणि थंड पडलेल्या चुलींत, धुराड्यांत, भट्ट्यांत राहणारे राखुंडे. एकोणीस वर्षांत चौदा पुस्तकं झाली. महाशयांची कल्पना धावायची घोड्यासारखी, पण स्मरणशक्ती चाळणीसारखी. पहिल्या पुस्तकात गाळके एखाद्या गोष्टीला काय म्हणत, हे तिसऱ्या पुस्तकापर्यंत महाशय विसरून जात. मात्राबाईंना हे सहन होईना. त्यांनी पुठ्ठ्याची कार्डं कापली, एकेका कार्डावर एकेक शब्द, अर्थ, पुस्तक आणि पान लिहिलं, आणि जमातवार खोक्यांत लावून टाकली.

मग महाशय विचारायला लागले. जिन्यातूनच आवाज यायचा, “बाई, गाळका चिडला तर काय म्हणेल हो?”

बाई प्रुफावरची मान वर न करता सांगत, “तो म्हणेल, ‘तुझ्या तोंडात कोरडं ऊन पडो.’”

“वा! आणि फांदाडे खोटारड्याला?”

“बिनमुळ्या.”

“आणि पोटमाळे निरोप घेताना?”

“‘डोकं सांभाळ.’ छत ठेंगणं असतं ना.”

महाशय खूश होऊन लिहून घेत. होता होता असं झालं, की गोष्ट महाशयांची आणि बोली बाईंची. पुस्तकावर अर्थातच एकच नाव असे. बाईंची त्याला कधी ना नव्हती. नाव छापलं की लोक ओळखतात, आणि ओळखलं की बोलायला येतात, एवढं त्यांना पुरेसं कळत होतं.

बाकीच्या तीन जमातींचे शब्द जुळवायला त्यांना विचार करावा लागे. राखुंड्यांचे मात्र आपोआप ओठांवर येत. राखुंडे मोठ्या माणसाला ‘उभा’ म्हणत. सगळं ठीक असेल तर ‘धूर सरळ’, धोका असेल तर ‘धूर वाकडा’. जिवाभावाच्या मैत्रिणीला ‘चिमटी’, कारण चिमट्याची एक बाजू एकटी काही उचलू शकत नाही. गुपित पोटात ठेवायचं म्हणजे ‘कोळसा गिळायचा’. हे शब्द इतके पटापट कसे सुचतात, असं महाशयांनी एकदा विचारलं होतं. “सुचतात,” एवढंच बाई म्हणाल्या होत्या.

पोरांनी ती बोली उचलली. शाळेच्या भिंतींवर, बसच्या सीटच्या पाठींवर ती दिसू लागली. आईबापांची तक्रार होती, की पोरं घरात धड बोलत नाहीत, त्यांचं काय चाललंय कळत नाही. बाईंना ते ऐकून बरं वाटायचं. न कळण्यासाठीच तर ती बोली होती.

आणि मग एका सकाळी, अकराच्या सुमाराला, जिना चढून एक पोलीसबाई आली, आणि तिच्यामागून एक माणूस.

माणूस उंच, नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट, भांग सरळ. डोळे रडून लाल झालेले. मालकांनी दोघांना खोलीत बसवलं, महाशय योगायोगाने तिथेच होते, आणि पाच मिनिटांत बाईंना हाक आली.

त्या माणसाची अकरा वर्षांची मुलगी काल संध्याकाळपासून घरी नव्हती. आई लहानपणीच गेलेली. घरात बाप आणि लेक दोघंच. रात्रभर शोध घेतला, विहिरी पाहिल्या, स्टँड पाहिलं. सकाळी तिच्या मैत्रिणीच्या कंपासपेटीत मैत्रिणीच्या आईला एक चिठ्ठी सापडली. मैत्रीण तोंड उघडायला तयार नाही. चिठ्ठीतलं कोणाला काही कळत नाही.

“ही भाषा तुमच्या पुस्तकातली आहे म्हणे,” पोलीसबाई म्हणाली आणि तिने चौकटीच्या वहीचा फाडलेला कागद टेबलावर ठेवला.

महाशयांनी तो वाचला. एकदा, दोनदा. त्यांनी कागद टेबलावरून बाईंकडे सरकवला आणि एकोणीस वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं ते वाक्य उच्चारलं.

“हे शब्द माझे नाहीत. ते या बाईंचे आहेत.”

चांगल्या दिवशी म्हटलं असतं तर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. आता मात्र खोलीतले सगळे डोळे त्यांच्याकडे वळले आणि त्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी कागद टेबलावरच ठेवून वाचला.

*चिमटे, धूर वाकडा. उभा उकळला. मी गारघरात, सातव्या तोंडात. टुंबरी कर. कोळसा गिळ.*

‘गिळ’ची वेलांटी चुकली होती, हे त्यांना आधी दिसलं. सवयच तशी. मग अर्थ दिसला.

‘टुंबरी’ हा शब्द त्यांचा नव्हता. ‘सातवं तोंड’ही नाही. पण गारघर त्यांचंच. चौथ्या पुस्तकात म्हातारा राखुंडा सगळ्यांचा निरोप घेऊन गारघरात जातो, आणि गारघरातून कोणी परत येत नाही. ते प्रकरण वाचून शेकडो मुलांनी रडून पत्रं लिहिली होती.

“काय लिहिलंय?” बापाने विचारलं. आवाज मऊ होता. “सांगा ना, बाई. माझी एकुलती एक लेक आहे. काय कमी केलं मी तिला? जे मागेल ते...”

“हे बघा,” मालक मध्येच म्हणाले, “आमची पुस्तकं निव्वळ करमणुकीची असतात, त्यात...”

“माझं बोलणं संपलेलं नाही,” बाप म्हणाला.

तो ओरडला नाही. उलट आवाज आणखी खाली गेला. आणि कोणासमोर गप्प न बसणारे मालक गप्प बसले.

मात्राबाईंना तो आवाज ओळखीचा वाटला. हा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पण तो खाली जाणारा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पन्नास वर्षांपूर्वीचा.

बापाने चिठ्ठीवर बोट ठेवलं. नख स्वच्छ कापलेलं होतं. “हे. ‘उभा उकळला.’ उभा म्हणजे कोण?”

खोलीत पंखा फिरत होता. खरं सांगावं, तर या माणसासमोर सांगावं लागणार होतं, की तुमची लेक तुम्हाला भिऊन पळाली. आणि मग ती जिथे लपलीय ती जागा शोधायला त्यालाच सगळ्यांच्या पुढे पाठवायचं.

“उभा म्हणजे झाड,” मात्राबाई म्हणाल्या.

ज्या बाईने आयुष्यात चुकीची मात्रा पुढे जाऊ दिली नव्हती, तिने अख्खा शब्द चुकीचा सांगितला. महाशयांची मान झटकन वर झाली. बोली बाईंची असली तरी ‘उभा’ त्यांनी चौदा पुस्तकांत हजारदा लिहिला होता. त्यांचं तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं.

“झाड?” बापाने महाशयांना विचारलं. “झाड कसं उकळेल?”

महाशयांनी बाईंकडे पाहिलं. “बाई म्हणतात ते बरोबर आहे,” ते म्हणाले. “आमच्याकडे झाडंही उकळतात. गोष्टीच त्या.”

“बाकीच्या शब्दांसाठी मला कार्डं बघावी लागतील,” बाई उठत म्हणाल्या. “खोकी जड आहेत. मॅडम, जरा हात लावायला येता?”

पोलीसबाई चाळिशीची, सावळी, थकलेली होती. आदल्या दिवसापासून तिने गणवेश बदललेला नव्हता. ती काही न बोलता बाहेर आली. टेबलापाशी बाईंनी खोक्याला हातही लावला नाही. त्या थेट जिन्यात उतरल्या. यंत्रं धडधडत होती, वर काही ऐकू जाणार नव्हतं.

“उभा म्हणजे माणूस,” बाई म्हणाल्या. “मोठा माणूस. तो चिडला, म्हणून ती पळाली. त्याला सांगू नका. तुमच्या पाया पडते, आत्ता सांगू नका.”

“मला काल रात्रीच वाटलं होतं,” पोलीसबाई म्हणाली. “घरात पोरीच्या खोलीला आतून कडी नाही. काढून टाकलीय. भोकं आहेत फक्त. गारघर म्हणजे काय?”

बाईंनी सांगितलं. तो शब्द त्यांनी एका दुपारी, चहा पिता पिता, बसल्याबसल्या केला होता.

पोलीसबाईने वर जाऊन बापाला सांगितलं, की बाईंना कार्डं चाळायला वेळ लागेल, तोवर इथेच बसा. मालकांना चहा मागवायला सांगितला. आणि दोघी मागच्या दाराने निघाल्या.

मैत्रिणीचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. शिवणकाम करणारी आई, कापडाच्या चिंध्या, आणि कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, जाड भिंगांच्या चष्म्याची मुलगी. आई हैराण झाली होती. “सकाळपासून शब्द नाही. शाळेत जाते म्हणाली, मी दाराला कुलूपच लावलं. ही पण गेली तर?”

बाई त्या मुलीसमोर जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरले.

“चिमटे, तुझा धूर सरळ असो,” त्या म्हणाल्या.

मुलीने मान वर केली आणि त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “असं कोणी नाही बोलत.”

“मग कसं बोलतात?”

“नुसतं ‘सरळ का?’ म्हणतात. तुम्ही पुस्तकातलं बोलताय. म्हातारे राखुंडे बोलतात तसं.”

दुसरी वेळ असती तर बाईंना हसू आलं असतं. त्यांनी विचारलं, “ती गारघरात गेलीय. म्हणजे ती... परत न यायला गेलीय का ग?”

“छे! ते पुस्तकात.” मुलीने नाक पुसलं. “आमच्यात गारघर म्हणजे जिथे कोणी ओरडत नाही ती जागा.”

बाईंनी डोळे मिटले. थोडा जिवात जीव आला. “कुठे आहे ते?”

मुलीने तोंड घट्ट मिटलं आणि गळ्यावर हात ठेवला. कोळसा गिळलेला होता.

पोलीसबाई पुढे झाली, बाईंनी तिला हातानेच थांबवलं. राखुंड्यांचा एक कायदा होता, तोही बाईंनीच केलेला: गिळलेला कोळसा दरडावून बाहेर येत नाही, मारून येत नाही, समोरच्याने आधी आपला कोळसा काढून दिला तरच येतो. कोळशाला कोळसा. सहाव्या पुस्तकातल्या त्या कायद्याचं मुलांनी किती कौतुक केलं होतं! कायदा करताना बाईंना काही वाटलं नव्हतं. आता तो त्यांच्या अंगाशी आला.

बाईंचा स्वतःचा कोळसा पन्नास वर्षं गिळलेला होता. महाशयांना माहीत नव्हता, शेजारणीला माहीत नव्हता, आणि थोरल्या भावाला, दादाला, माहीत असूनही तो कधी त्याच्याबद्दल बोलला नव्हता.

“मी तुझ्यापेक्षा लहान होते,” त्या म्हणाल्या, “आणि माझा दादा तुझ्याएवढा. आमचे वडील संध्याकाळी कामावरून यायचे. येताना गल्लीतून सिगारेट ओढत यायचे. दादा खिडकीत उभा राहून बघायचा. सावकाश चालत असले की धूर सरळ वर जायचा. तरातरा येत असले की तो वाकडा होऊन मागे जायचा. दादा तिथून सांगायचा, ‘धूर वाकडा.’ मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात, कोळशाच्या पोत्यामागे जाऊन बसायचो. खोकला आला तरी खोकायचं नाही. गिळायचा.”

शिवणयंत्रापाशी आई थांबली होती. पोलीसबाई जमिनीकडे पाहत होती.

“आणि सापडलात तर?” मुलीने विचारलं.

“सापडायचो कधी कधी,” बाई म्हणाल्या. “दादाला डाव्या कानाने ऐकू येत नाही.”

मुलीने चष्मा काढला. मग एकदम तिचा चेहरा वाकडा झाला आणि तिला रडू फुटलं. “मी टुंबरी नाही केली! टुंबरी म्हणजे पाणी आणि पाव आणि बॅटरी. मी सकाळी नेणार होते. आईने कुलूप लावलं. ती वाट बघतेय. कौलांच्या कारखान्यात. भट्टीच्या सातव्या तोंडात.”

कौलांचा कारखाना बंद पडून किती वर्षं झाली हे कोणाला आठवतही नव्हतं. विटांची एक लांबलचक भट्टी, बोगद्यासारखी, आणि तिच्या कुशीत ओळीने बारा कमानी. प्रत्येक कमानीला लोखंडी पत्र्याचं दार. मोजायची गरजच पडली नाही. सातव्या कमानीवरचा विटांचा ढीग कोसळला होता, आणि पत्रा त्याखाली दबून आतल्या बाजूला वाकला होता. विटांची तुटलेली तोंडं ताजी, लाल होती.

पोलीसबाई फोनवर अग्निशमनवाल्यांना पत्ता सांगत होती. बाई पत्र्याजवळ गेल्या, गुडघ्यांवर बसल्या, आणि कान लावला.

काही नाही. मग फार आतून, टक. टक. टक. दगडाने विटेवर कोणी तरी वाजवत होतं.

“आहे! आहे ती!” बाई ओरडल्या. आयुष्यात त्या पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने ओरडल्या असतील.

तेवढ्यात फाटकापाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. बाप आला होता. कचेरीत बसून बसून त्याला संशय आला, मागचं दार दिसलं, आणि मैत्रिणीच्या घरी विचारून तो इथवर पोचला. फाटकातूनच त्याने हाक मारली, “बाळा! बाळा, मी आलोय ग!” अगदी गोड आवाजात.

आतलं टकटक थांबलं.

बाईंनी पत्र्यावर हात आपटला. “बाळा! बोल ना! वाजव!” आतून काही नाही. आता त्यांना कळत होतं, की ती पोर आत जिवंत आहे, हाक ऐकतेय, आणि तोंडावर हात दाबून गप्प बसलीय. त्या स्वतः बसत, तशीच. विटा हलल्या, अजून चार घसरून पडल्या. आत नेमकी कुठे आहे हे तिने सांगितल्याशिवाय कोणाला तोडायला सुरुवात करता येणार नव्हती. चुकीच्या जागी घाव घातला असता तर वरचं सगळं तिच्या अंगावर आलं असतं.

पोलीसबाई तरातरा फाटकाकडे गेली. तिथे काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. बाप हातवारे करत होता, मग त्याने तिला बाजूला सारायचा प्रयत्न केला, मग तिने बोलावलेले दोन शिपाई आले. त्याचा आवाज आता खाली नव्हता. सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असा वर चढला होता, आणि तो काय काय म्हणत होता, ते इथे सांगण्यासारखं नाही. शिपायांनी त्याला गाडीत बसवलं.

पोलीसबाई परत आली तेव्हा तिच्या बाहीची शिवण उसवलेली होती.

“मी तिला काय सांगू?” बाईंनी विचारलं. “खोटं नाही सांगणार मी. धूर सरळ म्हटलं तर तो सरळच असायला हवा.”

“सांगा, उभा आत येणार नाही,” पोलीसबाई म्हणाली. “आज नाही आणि उद्या नाही. परवापासून कोर्ट बघेल. पण आज-उद्याचं मी सांगते.”

बाईंनी पत्र्याच्या फटीला तोंड लावलं. तोंडात राख गेली.

“सरळ का?” त्या म्हणाल्या. मुलं म्हणतात तसं. “उभा गेला. त्याला नेलं. आज येणार नाही, उद्या येणार नाही. मी बघितलंय. तुझ्या चिमटीने कोळसा उगीच नाही दिला, मी माझा दिला तेव्हा दिला. तू डाव्या बाजूला आहेस का उजव्या?”

बाईंनी फटीला कान लावला. मग, घोगरा, धुळीने भरलेला एवढासा आवाज. “तुम्ही कोण?”

काय सांगावं? बाईंना काही सुचेना. “मी प्रुफं तपासते,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे काय?”

“चुका शोधते. तू कुठल्या बाजूला आहेस, बाळा?”

“डाव्या,” आवाज म्हणाला. “माझा हात अडकलाय.”

तिला बाहेर काढायला पावणेदोन तास लागले. तेवढा वेळ बाई फटीपाशी बसून बोलत राहिल्या. पोटमाळे कसे झोपतात, गाळके दात कशाने घासतात, जे सुचेल ते. बोलणं थांबलं की आतून “मग?” असं यायचं. अधूनमधून ‘मग’ यायला उशीर व्हायचा, आणि त्या उशिरात बाई पत्र्यावर बोटं वाजवायच्या. शेवटी पत्रा कापला, आणि एका जवानाने तिला उचलून बाहेर आणलं. डोक्यापासून पायापर्यंत करडी, ओठ फुटलेले, उजवं मनगट सुजलेलं. बाईंकडे पाहून ती म्हणाली, “तुम्ही म्हाताऱ्या आहात,” आणि पाणी मागितलं.

दवाखान्यात हाताचा एक्स-रे काढला. मनगट विटांनी मोडलं होतं. त्याच्या वर, कोपराजवळ, आणखी एक मोड होती. जुनी, वाकडी जुळलेली. ती विटांची नव्हती.

पुढे जे व्हायचं ते सावकाश झालं. मुलगी परगावी तिच्या मावशीकडे गेली. बापावर खटला उभा राहिला. तारखा पडत राहिल्या, आणि तारखांच्या मध्ये तो जामिनावर बाहेरच होता. मावशीचा पत्ता बाईंना सांगायला पोलीसबाई तयार होती. बाईंनीच नको म्हटलं. “मला माझा भरवसा नाही,” त्या म्हणाल्या. “कोणी दरडावून विचारलं तर तोंडातून जाईल.”

महाशय एकदा टेबलापाशी येऊन उभे राहिले. पंधराव्या पुस्तकावर बाईंचंही नाव घालायचं म्हणत होते. आपण त्या दिवशी चिठ्ठी त्यांच्याकडे ढकलली, ते त्यांच्या मनाला लागलेलं होतं. “झाड म्हणालात तेव्हा कळलं मला,” ते म्हणाले. “आधी कळायला हवं होतं.”

“नाव नको,” बाई म्हणाल्या. “तुम्ही ‘बरोबर आहे’ म्हणालात ना, तेवढं पुरे.” मग त्यांनी राखुंड्यांच्या खोक्यात दोन नवी कार्डं घातली. एकावर ‘टुंबरी’. दुसऱ्यावर ‘गारघर’, दुसरा अर्थ. पुस्तक आणि पान यांच्यापुढे मोकळी जागा सोडली.

आणि तीन-एक महिन्यांनी, जेवणाच्या सुट्टीत, खालची यंत्रं थांबलेली असताना, जिन्यावर पावलं वाजली. बाई एकट्याच होत्या. मान वर करायच्या आधीच त्यांना कळलं होतं.

तोच इस्त्रीचा शर्ट, तोच भांग. तो समोरच्या खुर्चीत बसला.

“तिचा पत्ता द्या,” तो म्हणाला. अगदी हळू.

“माझ्याकडे नाही.”

“तुम्हाला माहीत आहे.”

“नाही. मी विचारलाच नाही.” बाईंनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले, कारण ते आवरत नव्हते. “विचारला असता तर आत्ता तुम्हाला सांगितला असता. मी फार भित्री आहे.”

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी नजर खाली घातली नाही. घालायची होती, पण मान हलेना. तो किती वेळ बसला होता, बाईंना सांगता आलं नसतं. एकदा त्याने टेबलावरचं प्रूफ उचललं, बघितलं, परत ठेवलं. मग उठला आणि जिना उतरून गेला.

बाईंनी पोलीसबाईला फोन लावला. तीनदा चुकीचा लागला. चौथ्यांदा लागला तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, वेळेसकट. “नोंद करते,” ती म्हणाली. “घाबरलात का?”

“हो,” मात्राबाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या पायीच घरी निघाल्या. वाटेत चारदा मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. पाचव्यांदा पाहिलं तेव्हाही नव्हतं.